प्रस्तावना : सुटकेच्या पुढचं काम

9 डिसेंबर 2020 च्या सकाळी पुण्यात, कोथरूडच्या महात्मा सोसायटीत फिरायला निघालेल्या लोकांना एक गवा दिसला. पुढचे काही तास काय झालं ते महाराष्ट्राने टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिलं. गवा पुढे, गर्दी मागे. कोणी पळतंय, कोणी चित्रण करतंय, कोणी गच्चीतून ओरडून वाट सांगतंय. घाबरलेल्या जनावराने फाटकांना धडका दिल्या, त्याचं तोंड रक्ताळलं. मग भुलीचं इंजेक्शन, दोर, जाळी, गाडी आणि त्याच दिवशी मृत्यू. त्याच महिन्यात बावधन भागात आणखी एक गवा उतरला. या वेळी आधी माणसं अडवली गेली, रस्ता मोकळा ठेवला गेला आणि तो गवा स्वतःच्या पायांनी जंगलाकडे परत गेला.

पहिल्या गव्यालाही कोणी मारायला निघालं नव्हतं. त्याला वाचवण्याचीच धडपड चालली होती. गवा, हरीण, काळवीट ही भित्र्या स्वभावाची, पळून जीव वाचवणारी जनावरं. त्यांना खूप वेळ पिटाळलं की शरीराचं तापमान चढतं, स्नायू आतल्या आत फाटू लागतात, त्यातून सुटणारी द्रव्यं मूत्रपिंडावर आणि हृदयावर येतात. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. वरून एक ओरखडा नसलेलं चितळ जाळीतून सोडवल्यावर दोन दिवसांनी मरतं ते यामुळे. म्हणजे जखम दिसत नसली तरी ती झालेली असते, आणि पुष्कळदा ती वाचवणाऱ्यांच्या गर्दीनेच केलेली असते. पकडण्याचं कौशल्य लागतंच, पण त्याआधी बघ्यांना मागे सारण्याचं कौशल्य लागतं. या पुस्तकाच्या वाचकाने एवढं मनात ठेवून पुढे जावं, असं मला वाटतं.

वन्यप्राण्यांना मुळात वाचवायचं कशासाठी, हा प्रश्न पोरकट नाही. परिसरशास्त्र शिकलेली माणसंही तो विचारतात. जंगलात रोज हजारो जीव मरतात. अशक्त मागे पडतो, सशक्त पुढे जातो. एका घुबडाला महिनाभर भरवून आकाशात सोडल्याने घुबडांच्या जातीचं काय भलं होणार? तोच पैसा जंगल राखायला लावला तर शंभर घुबडं आपोआप जगतील. युक्तिवाद वजनदार आहे, आणि ज्या प्रसंगांना तो लागू पडतो तिथे तो मान्यच करावा. रानकुत्र्यांनी घेरलेल्या सांबराला सोडवायला जाऊ नये. वादळात घरटं पडलं म्हणून प्रत्येक पिल्लू घरी आणू नये.

पण उपचारकेंद्रांच्या नोंदवह्या पाहिल्या तर ‘निसर्गक्रम’ म्हणावा असं त्यात फार थोडं असतं. नायलॉन मांजाने पंख कापलेली घार. ट्रकच्या धडकेत कंबर मोडलेलं तरस. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला बिबट्या. रानडुकरासाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने भाजलेलं जनावर. सिमेंटच्या कालव्यात उतरलेली आणि गुळगुळीत उतारावरून वर चढता न येणारी नीलगाय. मासेमारीच्या टाकून दिलेल्या जाळ्यात वल्ह्यासारखा पाय तुटलेलं समुद्री कासव. भटक्या कुत्र्यांनी फाडलेलं भेकर. पिंजऱ्यात पंख छाटून ठेवलेला पोपट. हे अपघात आपल्या विहिरींचे, तारांचे, रस्त्यांचे आणि सणांचे आहेत. समृद्धी महामार्ग बांधताना वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल करावे लागले. रस्ता जंगल कापतो याची ती सिमेंटमध्ये लिहिलेली कबुलीच. तेव्हा सुटका आणि पुनर्वसन यांना भूतदया म्हणण्याऐवजी मी नुकसानभरपाई म्हणेन. दया करणारा स्वतःला मोठा समजतो, भरपाई देणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, आणि या क्षेत्राला हिशेबाची सवय फार कमी आहे.

महाराष्ट्रात हा विषय सर्वांत दाटपणे कुठे समोर येत असेल तर तो जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतल्या उसात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, कोरडवाहू शेतं बागायत झाली, ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. आत गारवा, पाणी, आडोसा. बाहेर कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला यापेक्षा जास्त काय हवं? आता तिथे अशा बिबट्यांच्या पिढ्या झाल्या आहेत ज्यांनी डोंगरातलं जंगल कधी पाहिलेलंच नाही. ते ‘भरकटून’ उसात आलेले नाहीत, त्यांचा जन्मच तिथला.

मग कारखान्याचा हंगाम सुरू होतो. तोडकऱ्यांची टोळी फडात शिरते, कोयते चालू लागतात, आणि पाल्याच्या ढिगात दोन-तीन पिल्लं सापडतात, कधी डोळेही न उघडलेली. पूर्वी अशा पिल्लांचं पुढे काय व्हायचं? कोणी घरी नेलं, गायीचं दूध पाजलं, फोटो काढले, दोन दिवसांनी वनखात्याला दिलं. मग आयुष्यभर पिंजरा. इकडे मादी त्याच शिवारात पिल्लांच्या शोधात सैरभैर. तिच्या वाटेत कोण येईल याचा नेम नाही.

आज जुन्नर भागात जी पद्धत रुळली आहे ती अगदी साधी दिसते आणि म्हणूनच मला फार मोलाची वाटते. वनकर्मचारी आणि पशुवैद्यक येतात, पिल्लं तपासतात, गोचिड्या काढतात, अंगात पाणी कमी असेल तर ते भरून काढतात. अंधार पडायच्या आत पिल्लं जिथे सापडली त्याच जागी एका क्रेटमध्ये ठेवतात. स्वयंचलित कॅमेरा लावतात. आणि मग सगळे दूर जातात. हे दूर जाणं फार अवघड असतं, कारण तोवर बांधावर निम्मं गाव जमलेलं असतं. रात्री मादी येते, हुंगते, क्रेट पंजाने कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा मांडायचं. यात पिंजरा नाही, भूल नाही, गाडी नाही, आणि बातमीला लागेल असा पराक्रमही नाही. पण तीन पिल्लं जन्मठेपेतून सुटतात आणि शिवारातली एक बिथरलेली मादी शांत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि त्याने ती तशी मानली यात काही गैर नाही.

‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ हा उपाय मात्र याच भागाने आजमावून पाहिला आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यात धरले गेले आणि त्यांतले अनेक दुसरीकडे सोडले गेले. हेतू चांगला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं ते उलटंच: मोहिमेपूर्वी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले मोहीम सुरू झाल्यानंतर 17 वर गेले. कारण समजायला फार विद्वत्ता लागत नाही. बिबट्याला आपलं शिवार पाठ असतं. माणूस कधी येतो, कुत्री कुठे बांधतात, कोणत्या वाटेने जावं. त्याला पिंजऱ्यात घालून, माणसांच्या कलकलाटात दोन दिवस ठेवून, अनोळखी मुलखात सोडलं की तो घराकडे निघतो. वाटेत गावं असतात. रिकाम्या झालेल्या त्याच्या जागी दुसरा बिबट्या येतो तो वेगळाच.

सोडलेल्या बिबट्याच्या अशा चालण्याची एक नोंद मराठी प्रेक्षकांना चित्रपटातून माहीत आहे. 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढला, त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव पडलं आजोबा. हा गडी शेतं, महामार्ग, रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही; बहुतेक ठिकाणी तो गेल्याचं कोणाला कळलंही नाही. 2011 च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. विहिरीतून वाचवलेलं जनावर रस्त्यावर गेलं. सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ 2014 मध्ये आला. चित्रपट पाहिला नसेल तरी चालेल, पण त्या बिबट्याचा नकाशावरचा माग अवश्य पाहावा. जंगल इथे संपलं आणि गाव इथे सुरू झालं, ही आपल्या डोक्यातली रेघ त्यात कुठेच सापडत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ज्या वस्तीवर बिबट्याने लेकरू उचललं आहे तिथल्या माणसांना सहजीवनाचे धडे शहरातून देऊ नयेत. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा बिबट्या धरावाच लागतो, प्रसंगी मारावाही लागतो, आणि कायद्यात त्याची तरतूद आहे. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात आयुष्यभरासाठी ठेवलेले बिबटे आहेत. कोणी अपंग, कोणी लहानपणीच आईपासून तुटलेले, कोणी माणसावर हल्ला केल्याचा ठपका असलेले. त्यांना सोडता येत नाही आणि जागा अपुरी पडते. पिंजऱ्यांची संख्या वाढवत नेणं हे या प्रश्नाचं उत्तर असू शकत नाही, एवढंच मला कळतं.

बिबट्याच्या मानाने घारीची बातमी होत नाही. संक्रांतीच्या दिवसांत मुंबईत परळच्या 1883 साली स्थापन झालेल्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात आणि राज्यभरच्या लहानमोठ्या केंद्रांत पक्षी येऊ लागतात: घारी, पारवे, बगळे, घुबडं. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो मिळतोच. पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक ताणलेला पडदा असतो, त्याच्या आत एक बारीक स्नायुबंध. उडताना पंख ताठ राहतो तो त्याच्या जोरावर. मांजा नेमका तिथे बसतो. कातडी शिवता येते, पण स्नायुबंध तुटला असेल तर पक्षी जिवंत राहूनही पुन्हा उडत नाही. मुळाशी तुटलेली उड्डाणपिसं पुढच्या पीसझडीपर्यंत येत नाहीत. म्हणजे कित्येक महिने केंद्रातच मुक्काम, आणि त्या काळात पायांना फोड येऊ नयेत, उरलेली पिसं जाळीला घासून मोडू नयेत, याची राखण. पतंग एका दुपारचा, घारीचं दुखणं वर्षभराचं.

किनाऱ्यावरची गोष्ट निराळी. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रातून थकलेली, जखमी कासवं कोकणच्या आणि पालघरच्या वाळूवर येऊन पडतात. सापडणारा माणूस चांगल्या मनाचा असला तर लगेच त्यांना पाण्यात ढकलतो, आणि तिथेच चूक होते. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. वर येऊन श्वास घ्यायचं त्राण नसेल तर ते बुडून मरतं. त्याला सावलीत, ओलसर फडक्याखाली ठेवून वनखात्याला कळवायचं असतं. डहाणूला वनविभाग आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून अशा कासवांसाठी उपचारकेंद्र चालवतात. जाळ्यात अडकून एक पाय गमावलेलं कासव उरलेल्या तिन्हींवर पोहायला शिकतं आणि त्याला परत सोडता येतं. पुढचे दोन्ही गेले तर मात्र नाही.

आता पुनर्वसनाकडे येतो. हा शब्द सुटकेच्या शेपटासारखा वापरला जातो, खरं तर कामाचा मोठा हिस्सा तोच आहे. जनावर बरं होणं वेगळं आणि रानात जगण्याजोगं होणं वेगळं. शिकार जमली पाहिजे, स्वजातीयांशी वागता आलं पाहिजे, आणि माणसाची भीती शाबूत असली पाहिजे. पांढरकवड्याची वाघीण अवनी नोव्हेंबर 2018 मध्ये मारली गेली. तिचं मादी पिल्लू पुढच्या महिन्यात पकडून पेंचमध्ये बंदिस्त कुरणात ठेवलं, तिथे ती शिकार करायला शिकली, आणि मार्च 2021 मध्ये गळ्यात पट्टा बांधून तिला पेंचच्या जंगलात सोडलं. तिथल्या दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि त्याच महिन्यात मेली. दोन वर्षांची मेहनत थोड्याच दिवसांत संपली. शिकार शिकवता आली, पण तिथे आधीच कोणाचं तरी राज्य होतं.

याच्या शेजारी पन्नाचं उदाहरण ठेवावं. मध्य प्रदेशातल्या त्या व्याघ्र प्रकल्पात 2009 पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. कान्हामध्ये आई गमावलेल्या आणि माणसांनी कुंपणात वाढवलेल्या दोन वाघिणी 2011 साली तिथे सोडल्या. दोघी टिकल्या, दोघींना पिल्लं झाली. एका जनावराला वाचवून जातीचं काय भलं होतं, या सुरुवातीच्या आक्षेपाला पन्नाने दिलेलं उत्तर चोख आहे. फरक कशात होता? जागेत. पन्नात रान रिकामं होतं, पेंचमध्ये नव्हतं. सोडायला रान नसेल तर उपचार कितीही उत्तम करा, पुनर्वसन होत नाही. जंगल राखणं आणि जखमी जनावर वाचवणं यांत एक निवडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं म्हणूनच मला अर्धवट वाटतं.

माणसाच्या भीतीबद्दल थोडं अधिक. महाराष्ट्राच्या मनातलं प्राणी वाचवण्याचं चित्र हेमलकशाने घडवलं आहे. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू डॉ. प्रकाश आमटे घेऊन आले आणि त्यातून तिथलं अनाथालय उभं राहिलं, हे ‘रानमित्र’ वाचलेल्या घराघरांत माहीत आहे. त्या काळी, त्या भागात, दुसरा काही पर्यायच नव्हता, आणि त्या कामाने माडिया माणसांच्या आणि आपल्याही मनात जे बदल घडवले ते दुसऱ्या कशाने घडले नसते. मात्र बिबट्याला गोंजारणाऱ्या माणसाचं ते छायाचित्र आजच्या पुनर्वसन केंद्राचा आदर्श होऊ शकत नाही. अनाथालयात प्राणी कायमचा राहणार असतो, तिथे माया चालते. जो परत जाणार आहे त्याला माया बाधते. हाताला सरावलेलं माकड गावात परततं आणि दगड खातं. पोपटाचं पिल्लू माणसांत वाढलं तर ते थव्यात सामील होत नाही, खिडकीवर येऊन ‘मिठू मिठू’ करतं आणि मांजराच्या तोंडी जातं. म्हणून चांगल्या केंद्रात पिल्लांशी बोलत नाहीत, त्यांना नावं देत नाहीत, भरवणारा माणूस दिसू नये अशी सोय करतात. पाहुण्यांना हे कोरडं वाटतं. मला ते फार प्रेमाचं वाटतं.

सापांच्या बाबतीत आपण निराळीच चूक करतो. गावोगावच्या सर्पमित्रांनी लोकांचा पहिला हात काठीवरून फोनवर आणला, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण घराच्या परड्यात निघालेली धामण चाळीस किलोमीटरवरच्या घाटात नेऊन सोडणं म्हणजे बिबट्यांचीच जुनी चूक लहान प्रमाणात करणं. तिथे तिला बिळं माहीत नसतात, पाणी माहीत नसतं. साप पकडला तिथल्या जवळच्याच आडोशाला सोडावा. आणि गळ्यात नाग घालून काढलेली चित्रफीत हा बचाव नव्हे, तमाशा आहे.

न बरं होणाऱ्या जनावराचं काय करायचं, यावर आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. कणा मोडलेलं तरस, दोन्ही डोळे गेलेलं घुबड. बिबट्या-वाघासारख्या प्राण्याला दयामरण द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा आदेश लागतो, आणि असा आदेश मागायला कोणी धजावत नाही. वर्षानुवर्षं चार बाय सहाच्या पिंजऱ्यात लंगडत राहणं याला आपण जीवदान म्हणतो. पशुवैद्यकाने वेदना थांबवणं हाही उपचार आहे, हे मत मी इथे नोंदवून ठेवतो. ते न पटणारे पुष्कळ असतील.

हे पुस्तक वाचून कोणी स्वतःच पिंजरा घेऊन निघू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. तो हाती आला तर 48 तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हेतू चांगला होता, हा बचाव चालत नाही. पुढच्या प्रकरणांत हाताळणी, भूल, आहार यांची माहिती आहे ती वनकर्मचारी, पशुवैद्यक आणि नोंदणी केलेले स्वयंसेवक यांच्यासाठी. इतरांनी तीन-चार गोष्टी जाणल्या तरी पुरे. जमिनीवर फडफडणारं पिसं आलेलं पिल्लू बहुधा अनाथ नसतं, त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर असतात. गवतात एकटं दबून बसलेलं पाडस टाकलेलं नसतं, आईने लपवलेलं असतं. पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. आणि रानटी पिल्लाला गायीचं दूध पाजू नये. जखमी पक्षी खोक्यात घालून, खोकं बंद करून, अंधारात शांत ठेवावा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा.

एक विनंती शेतकरी वाचकांना. दर उन्हाळ्यात पाण्याच्या ओढीने, कुत्र्याचा किंवा डुकराचा पाठलाग करताना, बिबट्यांपासून कोल्ह्यांपर्यंत किती तरी जनावरं उघड्या विहिरींत पडतात, माणसंही पडतात. या उन्हाळ्यात आपल्या विहिरीला कमरेएवढा कठडा बांधून घ्या. तो जमेपर्यंत निदान दोराला बांधलेला एक जाड ओंडका पाण्यात सोडून ठेवा. माणसं येईपर्यंत जनावराला त्याच्यावर तगून राहता येतं.